वाढीव मुदत

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी लावले वेलाचे तुकडे,
चार डोळ्यांचे, दोन मातीत, दोन बाहेर,
पंपहाऊसमागच्या पट्ट्यात,
जिथे आधी गंजक्या पाइपांची रास होती.
माती कसली, खडीच.
मंदाकिनी म्हणाली, इथे गवतसुद्धा विचारून उगवतं.

भांडुपचं हे टोक मुंबईत फारसं कोणी मोजत नाही.
खाली स्टेशनाकडे पौषातही पंखे चालू
आणि इथे विहारच्या बाजूने
डोंगर उतरून येतो गारवा.
पहाटेच्या पाळीला व्हॉल्व्हचं चाक
तळव्याला डसतं.
लॉगबुकात पाण्याच्या दाबाशेजारी
मी तापमान लिहू लागलो, पेन्सिलीने.
चौदा. तेरा. साडेबारा.
कोणी मागितलं नव्हतं.

रताळ्याला थंडी कळते.
पानं कडेने जांभळी पडतात,
वेल मरत नाही, नुसता थांबतो,
वरच्या सहीला गेलेल्या फायलीसारखा.
टाकीवरचं जुनं काळं प्लास्टिक
मी वरंब्यांवर अंथरलं, दगड ठेवले कडेला.
दुपारी हात घालून बघायचो खाली,
ऊब आहे का.
असायची, थोडी.

लाडकी वरठा पाड्यावरून यायची, डोक्यावर मोळी.
कुंपणाबाहेरूनच म्हणाली,
"वेल उचल ना भाऊ, उचल आणि पलटव.
जागोजागी मुळं धरतो तो.
सगळीकडे घर केलं तर पोट कुठे भरणार?"

उचलत गेलो.
प्रत्येक पेराखाली बारीक पांढरी मुळं,
सुटताना शिवण उसवल्यासारखा आवाज.
सदतीस वर्षं एकाच क्वार्टरमध्ये काढलेल्या माणसाने
हे काम करताना
फार विचार करू नये.

निवृत्ती एकतीस जानेवारी.
शिवरात्र त्यानंतर सव्वीस दिवसांनी.
मुदतवाढीच्या अर्जात मी कारण लिहिलं, खरं ते:
रताळी अजून भरलेली नाहीत.

मेश्राम साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"मुलीचं लग्न लिहा हो. आजारपण लिहा."
मुलगी नाही आम्हाला.
मंदाकिनीला साधा खोकलाही नव्हता.
"मग थंडी लिहू का, साहेब?"
ते खिडकीबाहेर बघत राहिले जरा वेळ
आणि स्वतःच्या हाताने लिहिलं,
तांत्रिक कारणास्तव. पंधरा दिवस.

आठ दिवस आधी पाणी तोडलं.
शेवटच्या सकाळी वेल कापले, मग कुदळ,
मग कुदळ बाजूला ठेवून बोटंच,
कारण पहिल्याच घावाला एक दुखावलं
आणि पांढरा चीक आला टपटप.
बरीचशी करंगळीएवढी.
काही अंगठ्याएवढी.
एक मात्र असं, की मंदाकिनीने ते काखेत धरलं
आणि फोटो काढ म्हणाली.

त्याच रात्री उकडली चार. पिठूळ, बेचव.
लाडकीला विचारलं तर हसली,
"लगेच कुठे गोड असतं? उबेत ठेव दहा दिवस."
आम्ही तर उद्या आसनगावला.

म्हणून एक वरंबा तसाच सोडला,
नव्या ऑपरेटरसाठी. इरफान तडवी, यावलकडचा,
तिकडची थंडी खाऊन आलेला पोरगा.
त्याला दाखवलं सगळं: तीन नंबरची मोटार,
तिच्यामागचा कोपरा, तिथली ऊब,
वर टाकायचं ओलं पोतं.
आमची रताळी गॅसजवळच्या फळीवर बसून आली,
माझ्या खाकी शर्टात गुंडाळलेली.

शिवरात्रीला फोन आला त्याचा.
"काका, काढली. तुमच्यापेक्षा मोठी आहेत,
राग मानू नका.
मोटारीमागे ठेवलीत. किती दिवस म्हणालात?"
दहा, म्हटलं. आणि फ्रिजात ठेवू नकोस चुकूनही,
आतून कडक होतात.
बरं म्हणाला.
मग कागद चाळल्याचा आवाज.

"आणि ते पेन्सिलीचं लिहितोय मी.
आज सतरा होतं."